आकाश खुले, वही बंद

हबल दुर्बीण 1990 साली अवकाशात गेली. तेव्हापासून तिने जमवलेली माहिती, अलीकडची काही निरीक्षणे सोडली तर, आज कोणालाही एक पैसा न देता मिळते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट आहे. तिच्या संग्रहात केप्लर, टेस आणि वेब दुर्बिणींची माहितीही ठेवलेली आहे. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या 30 अँटेना आहेत. त्यांची निरीक्षणेही ठराविक मुदतीनंतर इतर संशोधकांना खुली होतात. या धोरणाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु खुली म्हणजे नेमकी कोणाला खुली, हे विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

दुर्बिणीची माहिती म्हणजे भिंतीवर लावायची रंगीत चित्रे नव्हेत. ती आकड्यांची रास असते आणि ती उकलल्याशिवाय तिला अर्थ नाही. ही उकल करण्यासाठी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ संगणकावरची एक वही वापरतात. तिला ज्युपिटर नोटबुक म्हणतात. या वहीच्या पानावर चौकटी असतात. एका चौकटीत साध्या भाषेत चार ओळी, पुढच्या चौकटीत पायथॉन भाषेतील आज्ञा आणि तिच्याखाली लगेच उत्तर किंवा आलेख. 2011 साली आयपायथॉन नोटबुक म्हणून ही वही पुढे आली आणि 2014 पासून तिला आजचे नाव मिळाले. गॅलिलिओने गुरूच्या उपग्रहांच्या नोंदी वहीत ठेवल्या होत्या, त्यांची आठवणही या नावात आहे.

या वहीची ताकद 2016 साली जगाने पाहिली. 14 सप्टेंबर 2015 रोजी लायगोच्या दोन्ही वेधशाळांनी गुरुत्वीय लहर टिपली आणि 11 फेब्रुवारी 2016 रोजी तिची घोषणा झाली. त्याबरोबर लायगोने मूळ आकडे दिले आणि ते उकलून दाखवणारी वहीही दिली. सूर्याच्या सुमारे 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, हे सांगणारी ती खूण कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतःच्या संगणकावर पुन्हा काढून पाहता येऊ लागली. आमच्यावर विश्वास ठेवा, असे न म्हणता, स्वतः तपासून घ्या, असे म्हणणारे हे विज्ञान आहे. म्हणूनच ही वही कशी लिहिली जाते, ही बाब आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आणि ती कशी लिहिली जाते? सार्वजनिक ठिकाणी ठेवलेल्या सुमारे 14 लाख वह्यांचा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. चालवून पाहिलेल्या वह्यांपैकी जेमतेम 24 टक्के चूक न दाखवता शेवटपर्यंत चालल्या. मूळचीच उत्तरे पुन्हा देणाऱ्या वह्या तर अवघ्या 4 टक्के निघाल्या. कारणे साधी आहेत. लिहिणाऱ्याने चौकटी वरखाली चालवलेल्या असतात. कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती लागेल, ते सांगितलेले नसते. चल राशींना एक्स, एक्स-दोन, टेम्प अशी नावे दिलेली असतात आणि त्यांत काय साठवले आहे, ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक! त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारता येते. ज्याच्या शेजारी असा कोणी बसत नाही, त्याने काय करावे?

ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याची स्थिती याहून बिकट आहे. अंध वाचक स्क्रीन रीडरच्या मदतीने वाचतो. पडद्यावरचा मजकूर ते साधन मोठ्याने बोलून दाखवते. वही वाचताना ते आज्ञा वाचते, आकडे वाचते आणि आलेखापाशी आल्यावर 'चित्र' एवढा एकच शब्द उच्चारून पुढे जाते. सारी मेहनत ज्या आलेखासाठी केली, तोच गायब! चित्रामागे पर्यायी मजकूर जोडला असता, तर तो वाचला गेला असता. एक लाख वह्यांच्या 2023 सालच्या अभ्यासात आज्ञावलीने काढलेल्या चित्रांपैकी 99.81 टक्के चित्रांना असा मजकूर नव्हता. या साऱ्या वह्या खगोलशास्त्राच्या नव्हत्या, हे खरे. पण खगोलशास्त्राच्या वह्या त्याच साधनांनी आणि त्याच सवयीने लिहिल्या जातात.

आंधळ्याला आकाशाशी काय करायचे आहे, असे कोणी म्हणेल. पोर्टो रिकोच्या वांडा डियाझ-मर्सेड यांची विद्यार्थिदशेत आजारामुळे दृष्टी गेली. त्यांनी ताऱ्यांचे आकडे आवाजात बदलून ऐकण्याची पद्धत धरली आणि 2013 साली ग्लासगो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. क्ष-किरण, रेडिओ लहरी आणि गुरुत्वीय लहरी डोळस माणसालाही दिसत नाहीत. त्याच्यासाठी आपण त्यांचे चित्र काढतो. मग दुसऱ्यासाठी आवाज काढला, शब्द लिहिले, तर त्यात उपकार कसला?

खर्चाचे निमित्तही टिकणारे नाही. लायगोच्या त्या आलेखाखाली एवढेच लिहायचे आहे: 'आडव्या अक्षावर वेळ सेकंदांत, उभ्या अक्षावर अवकाशाचा ताण. लहर सुमारे 0.2 सेकंद टिकते. तेवढ्यात तिची कंपने सेकंदाला 35 वरून 250 पर्यंत वाढतात, उंचीही वाढते आणि मग ती एकदम विझते. दुसऱ्या वेधशाळेत हीच लहर सुमारे 7 सहस्रांश सेकंदांच्या फरकाने दिसते.' लिहायला पाच मिनिटे लागतात. डोळस विद्यार्थ्यालाही आलेखात काय पाहायचे, ते यामुळेच कळते.

काही गोष्टी तर लिहिणाऱ्यावर सोडायचीही गरज नाही. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या साधनात पूर्वी इंद्रधनुष्यासारखी रंगपट्टी आपोआप येत असे. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या माणसाला ती फसवत असे. 2017 साली तिच्या जागी व्हिरिडिस ही पट्टी आली. एका ठिकाणी एक निर्णय झाला आणि जगभरचे नवे आलेख सुधारले. चित्रामागे मजकूर नसेल, तर वहीने स्वतःहून टोकावे, हेही असेच करता येईल.

हे आताच करायला हवे. चिलीतील रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून 2025 मध्ये आली. ती रात्रीला सुमारे 20 टेराबाइट माहिती जमवण्यासाठी बांधलेली आहे. एवढी माहिती घरी उतरवून घेणे कोणाला शक्य नाही. माहिती केंद्रातच राहते आणि संशोधक दूरवरून वही उघडून तिच्यापर्यंत जातो. वही हा माहितीकडे जाण्याचा रस्ताच झाला आहे.

आपल्याही दारात हा प्रश्न आलेला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतातील वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज 2,600 कोटी रुपये. मराठवाड्याच्या मातीवर उभ्या राहणाऱ्या या वेधशाळेची माहिती उकलणारी वही औंढ्याच्या, वसमतच्या, कळमनुरीच्या महाविद्यालयातील मुलामुलींना वाचता येणार की नाही? मराठीत समजावणीच्या ओळी लिहिता येतात. पायथॉनमध्ये चल राशीचे नावसुद्धा देवनागरीत देता येते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. अडचण तंत्राची नाही, हे उघड आहे.

तेव्हा प्रकल्पाच्या 2,600 कोटींतून आम्ही मागतो ते फार थोडे आहे. वेधशाळा सुरू होण्याआधी, 2015 च्या लहरीवरच, मराठीत एक वही तयार करावी. तिच्यातील प्रत्येक आलेखाला शब्द असावेत. लहरीची कंपने माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातलीच असल्याने तिचा आवाजही वहीत जोडावा. आणि ती प्रसिद्ध करण्याआधी हिंगोलीतील एखाद्या अंध विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. तो कुठे अडतो, ते लिहून घ्यावे आणि तेवढे दुरुस्त करावे.