गोष्टीची केस झाली

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाला मी कथा पाठवली. आयुष्यातली पहिलीच. सुमन मार खाऊन माहेरी येते, आठ दिवस राहते आणि परत नवऱ्याकडे जाते. दुसऱ्याच दिवशी त्याच्या जुडग्यातली चावी घेऊन ती चावीवाल्याकडे जाते, घराची दुसरी चावी करून घेते. कथा इथे संपते.

संपादकांचा फोन आला. "शेवट नकारात्मक वाटतो हो. बाई हरते. वाचकांनी काय घ्यायचं?" मी चावीबद्दल सांगू लागले. रात्री बाहेर काढलेल्या बाईला आत यायला कुणाच्या तरी मेहेरबानीची वाट बघावी लागते, आता तिला ती लागणार नाही. "बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अंक आला. चावी गायब! सुमन ताठ मानेने पोलीस ठाण्यात जाते, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तक्रार देते आणि नवऱ्याला बेड्या पडतात. (या कायद्यातला अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे जातो आणि नुसत्या अर्जावर कुणाला बेड्या पडत नाहीत, पण ते असो.) वर मथळा: 'समुपदेशन केंद्रातली सत्यकथा'. खाली माझं नाव आणि हुद्दा.

सुमन ही कुणाचीच केस नव्हती. पाच-सहा जणींचं थोडंथोडं आणि बरंचसं माझ्या मनातलं मिळून ती झाली होती. केंद्रात बोललेलं बाहेर जाणार नाही, हा शब्द आम्ही प्रत्येकीला देतो. तो न मोडता काही सांगायचं तर मला कथाच लिहावी लागते. एका मथळ्याने ती आडोशाची भिंत पाडली.

आमच्याकडे येणाऱ्या एकीच्या जावेने तो अंक घरात मोठ्याने वाचला. "पोलिसांत कधी गेली होतीस?" म्हणून तिची उलटतपासणी झाली. ती कधीच गेली नव्हती. दोन महिने ती केंद्रात फिरकली नाही. आली तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, माझंच लिहिलंत ना?" (हे तिला विचारून, तपशील बदलून लिहिते आहे.)

मूळ शेवट छापा, असं मी संपादकांना पत्र लिहिलं. जागा नाही, असं उत्तर आलं. कथा नाकारण्याचा हक्क त्यांना होताच, मला वाईट वाटलं असतं आणि संपलं असतं. पण न विचारता शेवट बदलायचा आणि वर तो 'सत्य' म्हणून छापायचा, हा हक्क कुणी दिला? कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाच्या नावाला बाधा येईल अशा मोडतोडीविरुद्ध दाद मागू देतं. मन्नू भंडारींनी 'आपका बंटी'वरच्या चित्रपटाबाबत ती मागितली आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कलमाचं संरक्षण मोकळ्या मनाने मान्य केलं. मी कोर्टात गेले नाही. पहिल्या कथेसाठी कोण जातं?

आणि खरं सांगायचं तर राग फक्त त्यांचा नाही. आपल्याच अंकाच्या बैठकीत मी एका मैत्रिणीची कथा 'नायिका फार सोसते' म्हणून बाजूला ठेवायला लावली होती. आपल्यालाही जिंकलेली किंवा जळालेली बाईच हवी असते. मधली, परत गेलेली, रोज केंद्रात समोर बसते, कथेत मात्र अडचणीची वाटते. ती कथा फाइलमधून काढून मी पुन्हा वाचली. नायिका सोसते, हे खरंच. पण सोसता सोसता ती काय काय करते, ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं. पुढच्या बैठकीला कथा घेऊन येते आहे. मैत्रिणीलाही बोलावलं आहे.