चार चाकांची फळी आणि सार्वजनिक जागेचा हक्क

स्केटबोर्डिंग म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले, अशी आपल्याकडे समजूत आहे. या खेळाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. सार्वजनिक जागा कोणाची, या प्रश्नावरच्या भांडणाचा तो इतिहास आहे.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी लाकडी फळीला रोलर स्केटची चाके ठोकली आणि ती रस्त्यावर उतरली. १९७० च्या दशकात जमिनीला पकड घेणारी पॉलियुरेथेनची चाके आली. १९७६-७७ च्या दुष्काळात बंगल्यांतले पोहण्याचे हौद कोरडे पडले. तेव्हा सांता मोनिकाच्या पडझड झालेल्या भागातली टोनी अल्वा, जे ॲडम्स, स्टेसी पेराल्टा ही पोरे कुंपणे ओलांडून आत शिरली आणि हौदांच्या भिंतींवर त्यांनी हा खेळ घडवला.

पुढे 'ऑली' आली. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडने ती हौदाच्या उतारावर शोधली. रॉडनी मलनने १९८० च्या दशकात ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे, त्याच क्षणी उडी घ्यायची, पुढचा पाय फळीवर घासत पुढे न्यायचा. हात न लावता फळी पायाबरोबर वर येते. हवेत पायाने तिला गरकन फिरवली की झाली 'किकफ्लिप'. या एका युक्तीने हौदाची, मैदानाची, फीची गरज संपवली. पायरी, बाक, कठडा हेच मैदान झाले.

आणि तिथेच सत्ता आडवी आली. नॉर्वेने १९७८ ते १९८९ या काळात स्केटबोर्डवर चक्क बंदी घातली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा न्याय तर पाहा. २००१ आणि २००२ मध्ये 'एक्स गेम्स' ही मोठी स्पर्धा या शहराने आपल्याकडे भरवली आणि २००२ मध्येच जगभर गाजलेल्या 'लव्ह पार्क' चौकातून स्थानिक पोरांना हुसकावले! त्या चौकाची कल्पना मांडणारे नगररचनाकार एडमंड बेकन तेव्हा ९२ वर्षांचे होते. निषेध म्हणून ते स्वतः फळीवर उभे राहिले.

त्याच चौकात स्टीव्ही विल्यम्स हा कृष्णवर्णीय खेळाडू घडला. त्याला आणि त्याच्या मित्रांना 'डर्टी घेटो किड्स', म्हणजे घाणेरड्या वस्तीतली पोरे, असे हिणवले जाई. त्याने तेच शब्द आपल्या कंपनीचे नाव म्हणून मिरवले. असे हिणवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

भारतातले उदाहरण मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्याचे आहे. २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन महिलेने जनवार गावात सिमेंटचे स्केटपार्क उभारले. गावात आदिवासी आणि यादव यांच्यात जातीची भिंत. पार्कचे नियम दोनच: मुलींना पहिली संधी, आणि शाळा नाही तर फळी नाही. दोन्हीकडची पोरे एकाच उतारावर खेळू लागली. तिथे शिकलेली आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ मध्ये चीनमधील नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली.

संविधानाचे कलम १५(२) सांगते की शासनाच्या पैशातून राखलेल्या रस्त्यांवर आणि सार्वजनिक जागांवर जात, धर्म, लिंग यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. पण मज्जाव काही पाटी लावूनच होतो असे नाही. खेळाची जागा वस्तीपासून दूर नेली, तासाला फी लावली, तरी दार बंदच होते! अपघात झाला तर जबाबदार कोण, ही सबब सांगितली जाते. कॅलिफोर्नियाने १९९७ मध्ये कायदा करून नगरपालिकांवरील ही जबाबदारी मर्यादित केली आणि पुढे गावोगाव स्केटपार्क उभे राहिले. इच्छा असेल तर कायदा वाट काढतो.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला आणि जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक जिंकले. अशी मुलगी आपल्या वस्तीतही असेल. तिला उतार कोण बांधून देणार? वॉर्डातल्या उद्यानांवर लाखो रुपये खर्च होतात. त्यातले पोरांच्या खेळासाठी किती, हा हिशेब आपण आपल्या नगरसेवकाला विचारलाच पाहिजे.