विश्लेषण : गुडघ्याची ‘रोबोटिक’ शस्त्रक्रिया… हातातले यंत्र नेमके करते काय?

‘रोबोटिक गुडघेबदल’ अशा जाहिराती आता सर्रास दिसतात. यातील काही यंत्रे डॉक्टरांनी हातात धरून वापरायची असतात. त्यांचा उपयोग किती आणि खर्चाचे काय?

यंत्र कसे चालते?

गुडघेबदलात झिजलेला भाग काढून कृत्रिम सांधा बसवतात. रोबोटिक हात असलेल्या ‘माको’साठी आधी सीटी स्कॅन लागतो. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कंपनीने विकसित केलेल्या ‘नॅव्हिओ’ला आणि तिची पुढची आवृत्ती असलेल्या ‘कोरी’ला तो लागत नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यावर खुणा लावतात. त्या इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो. डॉक्टर हाडावरून सळई फिरवतात, तसा संगणकावर हाडाचा आकार उमटतो.

मग शस्त्रक्रिया रोबो करतो का?

नाही. हाड किती काढायचे हे डॉक्टर ठरवतात, यंत्रही तेच चालवतात. हाड घासणारे टोक आखलेल्या सीमेबाहेर जाऊ लागले, की ते आत सरकते किंवा त्याची गती कमी होते. थोडक्यात, यंत्र हात आवरते. निर्णय घेत नाही.

रुग्णाला फायदा किती?

काप आखणीबरहुकूम होतो, हे खरे. पण अचूक काप म्हणजे आपोआप चांगला गुडघा नव्हे. दक्षिण कोरियात हजाराहून अधिक रुग्णांची किमान १० वर्षे पाहणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रोबोटिक आणि नेहमीची शस्त्रक्रिया यांत वेदना, हालचाल किंवा सांध्याचे आयुष्य याबाबत लक्षणीय फरक दिसला नाही. ते यंत्र मोठे, स्वतः काप घेणारे होते. तरी धडा लागू पडतो. शिवाय पिनांसाठी हाडाला जादा छिद्रे पाडावी लागतात.

खर्चाचे काय?

केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती जीएसटी वगळून ५४,७२० रुपये होती. मात्र ही मर्यादा सांध्याला आहे, यंत्राच्या वापराला नाही. विमा कंपन्याही रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी वेगळी मर्यादा ठेवू शकतात.

रुग्णाने काय विचारावे?

यंत्राचे वेगळे पैसे किती? विमा त्यातले किती देईल? आणि सर्वांत महत्त्वाचे, डॉक्टर वर्षाला किती गुडघे बदलतात? यंत्र बंद पडले, तर उरलेली शस्त्रक्रिया त्यांच्याच हातांना पूर्ण करायची असते.