कोशकाराचे वेतन कोणी द्यावे?

इंग्रजी-मराठी कोश आपण नित्य हाताळतो. परंतु तो सिद्ध करण्यात कोणाचे किती आयुष्य वेचले गेले, याचा विचार क्वचितच करतो. मेजर थॉमस कँडी यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील हे अधिकारी मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी झाले. तो कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इंग्रजी-मराठी कोशाचे काम अर्ध्यावर असतानाच प्रकृतीच्या कारणाने मोल्सवर्थ मायदेशी परतले. ते काम कँडींनी १८४७ मध्ये तडीस नेले. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख आणि कायद्यांची व पाठ्यपुस्तकांची भाषांतरे सांभाळून १८७३ मध्ये त्यांनी या कोशाची नवी आवृत्तीही काढली. १८७७ मध्ये ते निवर्तले.

या चिकाटीमागे एक आर्थिक वास्तव होते. कँडी आणि त्यांच्या आधी १८२९ चा मराठी कोश रचणारे शास्त्री-पंडित यांच्यामागे सरकारचा आश्रय होता. सरकारचा हेतू राज्यकारभाराचा होता, हे खरे. तरीही दीर्घ मुदतीच्या अशा कामाचा भार बाजार उचलत नाही, हे त्याने ओळखले होते. कोशाचा लाभ सर्वांस मिळतो. त्याची किंमत मात्र ग्राहकांकडून क्वचितच वसूल होते.

आता मोबाइल क्षणार्धात भाषांतर करतो, मग कोशकार कशाला, असे कोणी म्हणेल. ‘इन्फ्लेशन’ या शब्दाचे उदाहरण घ्या. त्यासाठी ‘चलनवाढ’ हा शब्द रूढ झाल्याने विद्यार्थ्याला वाटते की, नोटा वाढल्या म्हणजेच इन्फ्लेशन झाले. वास्तविक ती सर्वसाधारण किंमतपातळीतील सततची वाढ आहे आणि पुरवठा आटल्यानेही ती उद्भवू शकते. हा भेद जाणकार माणसानेच नोंदवावा लागतो. यंत्र केवळ रूढ शब्द पुढे करते.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. कँडींचा कोश निघाला तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला, तरी मुंबई इलाख्यात समाविष्ट झाला नाही. कोशाचे काम मात्र पुण्या-मुंबईच्या आश्रयाने चालले. आमच्या शेतात सोयाबीनची सोंगणी होते आणि पऱ्हाटीवरच्या कापसाची वेचणी होते. ‘हार्वेस्ट’ या शब्दापुढे केवळ ‘कापणी’ लिहून चिखली-मेहकरच्या विद्यार्थ्याचे समाधान कसे व्हावे?

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले. समारंभांवरील खर्चाला कात्री लावून तेथे इंग्रजी-मराठी कोशासाठी कायम पदे निर्माण करावीत. दर दहा वर्षांनी सुधारित आवृत्ती काढण्याचे बंधन घालावे. आणि शब्दसंग्रहाचे काम वऱ्हाडातील शिक्षक-विद्यार्थ्यांकडे मानधनावर सोपवावे. एका परकीय सरकारने स्वतःच्या सोयीसाठी जे केले, ते लोकनियुक्त सरकारने लोकांच्या सोयीसाठी करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.