गुन्ह्याची वही कोणाच्या हाती?

खून, दरोडे व ठगांच्या खऱ्या हकिकतींची पुस्तके आमच्या नंदुरबारकडील तरुण मंडळी हल्ली आवडीने वाचतात. खुशाल वाचावीत. मात्र ती लिहिणारा कोण, हे आधी पाहावे.

ठगांविषयीचे गाजलेले पुस्तक १८३६ साली स्लीमनसाहेबाने छापिले. म्हणजे ज्याने धरिले त्यानेच लिहिले! पुढे १८७१ साली सरकारने कायदाच केला की, अमुक जातीत जन्मला तो गुन्हेगार. १९११ साली त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. पारधी, कैकाडी, टकारी यांच्या नशिबी हजेरी व पहारा आला. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. पण शिक्का काही पुसला नाही.

आमच्याच वर्गात एकदा पेन्सिल हरवली, तेव्हा साऱ्यांचे डोळे पारध्याच्या पोराकडे वळले. आमचेही वळले. पेन्सिल निघाली दुसऱ्याच्याच दप्तरात. त्या पोराची माफी कोणी मागितली नाही; आम्हीही नाही. ही लाज आम्हांस अजून आहे.

१९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' हे आत्मकथन लिहिले. जग ज्यास चोर म्हणे, त्यानेच लेखणी धरून भूक व पोलिसांचा मार सांगितला. तेही पुस्तक घरी आणावे.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, सावकाराची वही आपण डोळे झाकून खरी मानीत नाही. मग साऱ्या जातीच्या नावे गुन्हा मांडणारी वही तरी का मानावी?