अपग्रेडपूर्वीची मोजदाद

मोठ्या उद्योगांच्या कार्यालयांत सध्या 'सॅप'च्या अपग्रेडची चर्चा आहे. १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या या कंपनीने ईसीसी ६.० या जुन्या प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल २०२७ अखेरपर्यंतच जाहीर केली आहे. म्हणून २०१५ मध्ये आलेल्या एस/४हानाकडे वळणे अनेकांना क्रमप्राप्त झाले आहे. अशा वेळी 'नव्यात काय मिळणार?' यापेक्षा 'जुन्यात आपण काय काय बदलले होते?' हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

तयार प्रणाली घेतली, तरी प्रत्येक संस्था ती आपल्या रीतीप्रमाणे वळवून घेते. विशिष्ट रकमेपुढील खरेदीस दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी, बिलाचा निराळा नमुना, एखादा खास अहवाल असे बदल वर्षानुवर्षे साचत जातात. ते मागणारे अधिकारी निवृत्त होतात, करून देणारे सल्लागार बदलतात आणि त्यांमागील कारण कोणाच्याच स्मरणात उरत नाही.

हे बदल मुख्यतः दोन प्रकारचे असतात. संस्थेने स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रॅमची नावे सहसा 'झेड' किंवा 'वाय'ने सुरू होतात. ते शोधणे सोपे. दुसरा प्रकार मूळ प्रोग्रॅममध्येच केलेल्या फेरफारांचा. अपग्रेडमध्ये मूळ प्रोग्रॅमची नवी प्रत येते आणि हे फेरफार पुसले जाण्याचा धोका असतो. त्यांची यादी 'एसपीडीडी' व 'एसपीएयू' या सुविधांतून मिळते: पहिलीत तक्त्यांच्या रचनेतील बदल, दुसरीत प्रोग्रॅममधील. प्रत्येक नोंदीपुढे 'ठेवावे' की 'मूळ रूपास न्यावे' हे ठरवावे लागते. हा निर्णय एकट्या संगणक विभागावर सोपवू नये. संबंधित खात्याचा अधिकारी शेजारी बसलेला असावा.

स्वतंत्र प्रोग्रॅमही निर्धोक नसतात. एस/४हानात मालाच्या क्रमांकाची जागा १८ वरून ४० अक्षरांची झाली. जुन्या प्रोग्रॅमने १८ अक्षरेच गृहीत धरली असतील, तर तेथे दुरुस्ती अटळ आहे.

कोणता प्रोग्रॅम वापरात आहे, हेही नोंदींवरून तपासता येते. मात्र तीन महिन्यांच्या नोंदी पाहून निष्कर्ष काढू नये. ३१ मार्चच्या हिशेबासाठी वर्षातून एकदाच चालणारा प्रोग्रॅम त्यात दिसणारच नाही. किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष पाहावे.

बँकेत एकाने नोंद करावी व दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी, हा दंडक असतो. अपग्रेडनंतर अशी दुसरी मंजुरी गळाली, तर पडद्यावर कोणतीही चूक उमटत नाही. काम उलट अधिक सुरळीत भासते आणि रक्कम विनातपासणी बाहेर जाते. म्हणून चाचणी घेताना काम पुढे सरकते का, एवढेच पाहून थांबू नये; जे अडावयास हवे ते अडते का, हेही पाहावे.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर टॅली आहे. त्यात टीडीएलद्वारे बिलाचा नमुना वा अन्य सोय करून घेतली असेल, तर नवी आवृत्ती घेण्यापूर्वी त्या फायलींची यादी करावी आणि मूळ मजकूर कोणाजवळ आहे याची खात्री करून घ्यावी.

पेढी लहान असो वा उद्योग मोठा, एक साधी नोंदवही पुरे: काय बदलले, कोणी मागितले, कशासाठी, आज वापरात आहे का आणि पुढे काय करावयाचे. 'कशासाठी' हा रकाना कोरा राहिल्यास, ते सांगू शकणारी व्यक्ती सेवेत आहे तोवरच तो भरून घ्यावा.