खत मातीत की वाऱ्यावर?

मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या धानपट्ट्यात शेणखताचे ढीग पावसाची वाट पाहत बांध्यांतून उन्हात वाळत पडतात आणि रोवणीनंतर साचलेल्या पाण्यावर युरिया फेकला जातो. हे दृश्य इतके सरावाचे झाले आहे की त्यातील नासाडी कोणाच्या लक्षातही येत नाही. वस्तुतः उघड्या शेणखतातील व पाण्यावरील युरियातील नत्राचा मोठा अंश अमोनिया होऊन हवेत जातो. काही पाण्याबरोबर बांधीबाहेर वाहतो. ४५ किलोंच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातील निम्म्याहून अधिक धानाच्या मुखी लागतच नाही.

उपाय अज्ञात नाही. शेणखत पसरल्या दिवशीच नांगराने मातीआड करावे, पहिला हप्ता चिखलणीत मिसळावा, युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोल खोचाव्यात. तेथे प्राणवायू नसल्याने नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणच्या भातासाठी हीच शिफारस केली आहे.

मग अडते कोठे? येथे कृषिशास्त्र संपून अर्थशास्त्र सुरू होते. युरिया फेकायला एक माणूस पुरतो. गोळ्या खोचायला दिवसभर चिखलात वाकलेल्या स्त्रिया लागतात आणि त्यांची मजुरी खत-अनुदानाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. २०२२-२३ साली केंद्राने खतांवर सुमारे अडीच लाख कोटी रुपये अनुदान दिले. पण ते विकलेल्या गोणीवर, मुळापर्यंत पोहोचलेल्या नत्रावर नव्हे. ठेक्याने कसणाऱ्याला तर पुढील वर्षी तीच बांधी मिळेल याची शाश्वती नाही. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे टिकतो. तो त्याने कोणासाठी पेरावा?

जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेताचे सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे बांधणे हे सरकारचे कर्तव्य मानले होते. जमिनीचा कस राखणे ही एकट्या शेतकऱ्याची खासगी बाब नव्हे, हाच त्याचा अर्थ.

म्हणून मागणी नेमकी हवी. सेवा सहकारी संस्थांतून गोळ्यांची यंत्रे मिळावीत, खोचणीची मजुरी अनुदानात धरावी, ठेकेदार शेतकऱ्याची लेखी नोंद व्हावी. कार्यकर्त्यांनी रोवणीपूर्वी गावोगाव हा हिशेब मांडावा. गोणी स्वस्त झाली, एवढ्यावर समाधान मानणारी चळवळ शेतकऱ्याच्या नव्हे, कारखानदाराच्या हिशेबाने चालते.